जमाखर्चाच्या वहीतलं 'ह.' : महिला मंडळांनी पैसा कसा उभा केला?

वाटीचमचा
सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची ट्रंक उघडायचा धीर परवा झाला. डांबरगोळ्यांचा वास, दोन इरकली, एक न शिवलेला खण आणि त्याखाली लाल कापडी बांधणीच्या तीन वह्या. वाटलं होतं पाककृती असतील. निघाला मंडळाचा जमाखर्च.

आमचं गाव कराडपासून फार लांब नाही. मंडळ १९५८ सालचं. सासूबाई १९६४ ते १९८१ खजिनदार होत्या. मंडळ आता स्मरणिका काढतंय आणि 'इतिहास तू लिही' म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलंय. तोवर माझी समजूत अशी की मंडळ म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर आणि वर्षातून एक सहल, फार तर नरसोबाच्या वाडीपर्यंत.

वही वाचून गप्पच बसले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. नमुन्यादाखल, जमा: 'ओटीचे नारळ विकून १४ रु. ५० पै.', 'कुरडया व पापड ६१ रु.', 'रद्दी व रिकाम्या बाटल्या ९ रु. २० पै.' खर्च: 'बालवाडी बाईंचा पगार २५ रु.', 'बाळंतविडा दोन नग', 'टी.बी. पेशंटला अंडी'. १९६७ च्या डिसेंबरातलं एक अख्खं पान कोयनेच्या भूकंपाचं आहे. ११ तारखेच्या पहाटे भूकंप झाला, पानावर तारीख १३. म्हणजे दोन दिवसांत या बायका घरोघर जाऊन आल्या होत्या. 'घोंगड्या १८, ह. पाटलीणबाई. पातेली ७, ह. मास्तरीणबाई. बाजरी दीड पोतं, ह. डॉक्टरीणबाई.'

हे 'ह.' म्हणजे हस्ते. पैसा कुणी दिला ते पावतीपुस्तकात. कुणाच्या हातून आला ते वहीत. मंडळाच्या हॉलमध्ये दाराशेजारी संगमरवरी पाटी आहे, त्यावर अकरा देणगीदार, अकराही पुरुष. हस्तेवाल्या बायका पाटीवर नाहीत, आणि वहीतसुद्धा नवऱ्याच्या हुद्द्यानेच आहेत. पाटलीणबाईंचं नाव काय होतं हे आता गावात कुणाला सांगता येईना.

अजून एक कोडं. दरवर्षी मार्चअखेर एक ओळ आहे: 'तूट भरली, ह. स्वतः'. कधी ३ रु., कधी ११ रु., एका वर्षी २६ रु. सतरा वर्षं. सासूबाई हिशेबाला इतक्या कच्च्या नव्हत्या हो. भाजीवाल्याकडून चार आणे परत आणायला मला उन्हात पाठवलेलं आहे त्यांनी.

तुमच्या आई-आजीच्या मंडळांचं काही आठवतं का? आणि याच्या आधीचा इतिहास कुणाला माहीत असेल तर लिहा.

कृष्णाकाठ
काय सुंदर धागा काढलात. कराडजवळ म्हणताय तर आधी काले गावाचं नाव घ्यायला हवं. रयत शिक्षण संस्था १९१९ साली तिथेच निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी 'मुष्टिफंड' चालायचा: बाईने रोज जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, मग ते गोळा करायचं. आमची पणजी यातली. ती सांगायची, मूठ वेगळ्या गाडग्यात पडली की मग पाळू फिरायची. सणाच्या दिवशी दोन मुठी.

यात गोम अशी की बाईच्या हातात रोख पैसा नव्हताच. घरात तिचा अधिकार चालायचा तो धान्याच्या कणगीवर. ती मूठ काढायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. मुष्टिफंड चालला तो त्यामुळे, असं माझं मत.

आणि लक्ष्मीबाई पाटील. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. सातारा भागात ही गोष्ट शाळेत सांगतात, पण 'कर्मवीरांच्या पत्नीचा त्याग' म्हणून. पोरांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं त्याच बघत होत्या, हे दुसऱ्या वाक्यात येतं. आलं तर.

उंबरा
वाचतेय. आमच्याकडेही 'सौ. इन्स्पेक्टर' नावाची पावती आहे :)

पेठेतली_मी
पुण्याचं मी लिहिते, मग नावं ठेवा पुणेकर म्हणून.

आधी सावित्रीबाई. १८५२ साली त्यांच्या महिला सेवा मंडळाचा संक्रांतीचा तिळगूळ समारंभ झाला. सगळ्या जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील आणि हळदीकुंकू भेदभाव न करता लावलं जाईल, असा त्याचा बेत होता. एकशे सत्तर वर्षं होऊन गेली. आजही काही सोसायट्यांत हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं नाही याच्या याद्या असतात (विधवा, आणखी कोण कोण), म्हणून मुद्दाम सांगते.

मग १८८२ चा आर्य महिला समाज. पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि हा समाज निघाला. रमाबाई रानडे या सभांना जायच्या आणि घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे खायच्या. आठवणींत त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय. वाचताना आपल्याच पाठीत कुणी चिमटा काढल्यासारखं होतं.

याच रमाबाई रानडे पुढे १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या. चिटणीस गोपाळराव देवधर. सुरुवात रानड्यांच्या वाड्यातच. शिवण, लिहिणं-वाचणं, नर्सिंगचं शिक्षण. लक्ष्मी रोडवरच्या सेवासदनावरून आपण 'पार्किंग कुठे मिळेल' एवढंच बघत जातो. पण त्या काळी विधवा मुलीला सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला पाठवणं, आणि त्यासाठी भल्या घरांतून पैसे मागणं! द्यायला नकार देणाऱ्या घरातली सूनच दुपारी शिवण शिकायला यायची, असं आमच्या आजेसासूबाई सांगत. ऐकीव आहे, पण मला खरं वाटतं.

नाना_खवट
धागा चांगला आहे, पण जरा जमिनीवर या. आजची महिला मंडळं म्हणजे भिशी, मॅचिंग साड्या आणि वृद्धाश्रमात केळी वाटतानाचा ग्रुप फोटो. चार डझन केळी आणि चौदा बायका. त्याला इतिहास म्हणायचं का?

उंबरा
नाना, पुरुषांची मंडळं दहा दिवस डीजे लावतात त्याची वर्गणी न मागता देता ना? मग केळ्यांचा हिशेब का मागता?

नाना_खवट
वर्गणी मी देत नाही. पावती फाडायला आले की दार लावून घेतो. दोघांनाही :)

बॉस्टनकर
खरंच बॉस्टनजवळ राहते, आयडी म्हणूनच असा. आमच्या उपनगरातल्या विमेन्स क्लबमध्ये चार वर्षं आहे. जुन्या पुस्तकांची विक्री, केक-कुकीज विकणं, त्यातून बारावीच्या दोन मुलींना स्कॉलरशिप. इकडे या क्लबांची परंपरा मोठी. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी चार्ल्स डिकन्सला मेजवानी दिली. तिथे बाई म्हणून प्रवेश नाकारला, म्हणून जेन क्रोली या पत्रकार बाईने 'सोरोसिस' नावाचा बायकांचा क्लब काढला. १८९० मध्ये अशा क्लबांचा महासंघ झाला. अमेरिकेतल्या गावोगावच्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांची सुरुवात या क्लबांनी केली आहे.

पण हे लिहायचं कारण वेगळं. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, आणि राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, आणि १८८७ च्या डिसेंबरात इथे बॉस्टनमध्ये, भारतातल्या विधवांच्या शाळेला पैसा पुरवायला, 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' उभी राहिली. तिची रचना बघा: गावोगावी 'रमाबाई सर्कल', आणि सभासदाने दरवर्षी एक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. बस. एका शेठजीचा मोठा चेक मिळवण्यापेक्षा हे अवघड. पण शेठजी रुसला की शाळा बंद, ही भानगड नाही.

त्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ ती शाळा, शारदा सदन, सुरू झाली. त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तकही काढलं. तिथल्या बायका संस्था कशा काढतात, कशा चालवतात हे त्यात सविस्तर आहे. मला ते प्रवासवर्णनापेक्षा 'कसे करावे' छापाचं पुस्तक वाटलं. आपल्या क्लबच्या सभेत मी हे सगळं सांगितलं, तर सत्तरीच्या एक बाई म्हणाल्या, "एका डॉलरला तेव्हा किंमत होती, दहा वर्षं तो पाठवत राहायचं हे कुणी लक्षात ठेवलं?" मी म्हटलं, असणार कुणीतरी वहीवाली.

कोरी_पाटी
डॉलरमागचा धर्म सोयीस्कर विसरलात. शारदा सदनात पुढे काय झालं ते माहीत आहे सगळ्यांना.

बॉस्टनकर
विसरले नाही. असोसिएशनच्या नियमात शाळा कुठल्याही धर्मपंथाची नसेल असं होतं. पुढे मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. हे सगळं खरं. पण धागा पैसा उभा कसा केला याचा आहे, आणि ती पद्धत बिनतोड होती.

कोरी_पाटी
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

संपादक
धर्मांतराच्या वादासाठी वेगळा धागा काढावा. इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पेठेतली_मी
बॉस्टनकर, तुमचा डॉलर परत कुठे गेला ते सांगते. शारदा सदनात शिकायला आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखकडची गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. आपल्या बाया कर्वे त्या याच. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले. तीही तरुणपणीच विधवा, पदरात एक मुलगा. ती अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्या, अनाथ बालिकाश्रमात आली आणि संस्थेसाठी वर्गणी जमवत गावोगाव हिंडली. आधीची कित्येक वर्षं केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. त्या वेशात जाऊन विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे! समोरच्या सोवळ्या म्हातारीला हाकलताही येईना आणि द्यायलाही नको.

आणि ऐका. १९१८ साली, वय अठ्ठेचाळीस, इंग्रजी जेमतेम, या बाई अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी निधी जमवायचा. पोटासाठी तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट केली. १९२० मध्ये परतल्या. बहीण ज्या देशातून आलेल्या डॉलरांवर शिकली, तिथे ही तीस वर्षांनी फरशा पुसत होती. त्याच वर्षी विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. ठाकरसींचं ऋण आहेच, त्यात वाद नाही. पण पार्वतीबाईंच्या नावाची पाटी शोधायची तर कुठे शोधू, सांगा.

कृष्णाकाठ
_त्याच वर्षी विठ्ठलदास ठाकरसींनी_
काटा आला वाचून.

आजोळ_नाशिक
इतकं थोर नाही, पण आमच्या आजीच्या मंडळाची एक फजिती सांगते. १९६२ च्या युद्धात त्यांनी जवानांसाठी स्वेटर विणले होते, काही बायकांनी संरक्षण निधीला अंगठ्या, बांगड्या दिल्या होत्या, त्यामुळे मंडळाचा भाव फार वधारलेला. मग बालवाडीच्या छपरासाठी आनंदमेळा करायचं ठरलं. मे महिन्याची अखेर. भेळ, पन्हं, अळूवड्या, रिंग टाका साबण मिळवा. पाच वाजता वळीव आला. भेळेचे चुरमुरे भिजले. अळूवड्यांचे उंडे कच्चेच राहिले, कारण शेगड्या विझल्या.

आजीने काय केलं, उंडे परातीत घालून सगळ्या जणी गल्लीतल्या घरांत गेल्या. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात एकेक उंडा उकडला, तळला आणि त्याच घराला विकला! शेगडी त्यांची, तेल त्यांचं, अळूवडी मंडळाची. छपराला पुरेसे पैसे काही जमले नाहीत, पत्रे निम्मेच आले. उरलेल्या अर्ध्यावर ताडपत्री. आई त्या बालवाडीत होती. ताडपत्रीखाली बसायला पोरं भांडायची म्हणे, कारण वर पाणी साचलं की काठीने ढोसून धबधबा पाडता यायचा.

नाना_खवट
अळूवडीचं अर्थशास्त्र आवडलं. मागचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. केळ्यांचा अर्धा ठेवतो.

सरकारी_शाई
निवृत्त ऑडिटर आहे. ट्रस्टांचे, पतपेढ्यांचे, मंडळांचे ढीगभर हिशेब तपासले. तीन गोष्टी.

एक, तुमच्या सासूबाईंनी 'ह.' लिहिलं ते भावनेपोटी नव्हे. रोख रक्कम कुणाच्या हातून आली ते लिहिलं की उद्या तंटा झाला तर विचारायचं कुणाला हे ठरलेलं असतं. आजचे उच्चशिक्षित खजिनदार नुसतं 'कॅश' लिहितात आणि मग ऑडिटच्या वेळी घाम पुसतात. दोन, मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असणार. १९५० च्या कायद्याप्रमाणे वार्षिक हिशेबपत्रकं तिथे दाखल होतात. जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मागा, जुन्या कार्यकारिणीच्या बायकांची पूर्ण नावं तिथे सापडतील. पाटलीणबाईंचंही.

तीन, तुमचं कोडं. तूट ही अशी शिस्तीत येत नसते. खरी तूट कधी जूनमध्ये येते, कधी दिवाळीत, कधी वाढही निघते. सतरा वर्षं नेमकी मार्चमध्ये आणि कायम तूटच? ही तूट नाही. ही आकडा जुळवण्यासाठी केलेली नोंद आहे. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे पावती फाडल्यावर पुस्तकात मागे राहतात त्या प्रती, आहेत का? असतील तर जमेच्या बाजूशी ताडून बघा. पावती फाटली पण रक्कम आली नाही, असं काही सापडेल.

वाटीचमचा
सरकारी_शाई काका, साष्टांग नमस्कार. स्थळप्रती मंडळाच्या कपाटात सापडल्या, उंदरांनी कोपरे खाल्लेल्या. आठवडाभर मी आणि माझी लेक रोज रात्री एकेक वर्ष जुळवत होतो. ती आकडे वाचणार, मी टिकमार्क करणार. १९६८ ते १९७३ झालं.

दर वर्षी दोन-तीन पावत्या अशा आहेत की पावती फाटलीये, देणगीदारांच्या छापील यादीत बाईचं नावही आलंय, पण वहीत ती रक्कम कधीच जमा नाही. त्या पावत्यांची बेरीज आणि मार्चमधली 'तूट' पैशापर्यंत जुळते. १९७२ चे २६ रुपये म्हणजे पाच बायका. दुष्काळाचं वर्ष. मंडळाने तेव्हा गुरांच्या चाऱ्यासाठी निधी काढला होता.

मग काल मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद काकूंकडे गेले. वय ८९, ऐकू कमी येतं, पण वही पुढे धरल्यावर चष्मा पुसला आणि हसल्याच. म्हणाल्या, "अगं, सभेत सगळ्यांदेखत हात वर केला जायचा. पाच लिही माझे, म्हणायचं. आणि घरी जाऊन मागितले की मालक म्हणायचे, कुणाला विचारून बोललीस? मग ती पुढच्या सभेला यायचीच नाही लाजेने. तुझ्या सासूने हे एकदा बघितलं. त्यापुढे ती पावती आधीच फाडून घरपोच करायची, मग कुणी आलं नाही असं झालं नाही."

मी विचारलं, त्या बायकांना माहीत होतं? काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं की." आणि १९७२ च्या यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. त्यांचंच नाव. ५ रु.

कृष्णाकाठ
...

उंबरा
हे स्मरणिकेत छापाच.

वाटीचमचा
तिथेच घोडं अडलंय. कार्यकारिणीत दोन तट पडले. अध्यक्ष म्हणतात, छापलं तर त्या पाच जणींच्या घरच्यांना काय वाटेल, चौघी आता नाहीत. काकू म्हणतात, माझं नाव घालून छाप, मालक जाऊन वीस वर्षं झाली. मी बाकी चार नावं गाळून काकूंचं ठेवावं म्हणते, तर सेक्रेटरी म्हणतात हिशेबाची वही अशी अर्धवट छापता येत नाही.

सरकारी_शाई
सेक्रेटरी बरोबर आहेत. पण वही छापू नका. स्थळप्रतीचा फोटो छापा, काकूंच्या पावतीचा. ती त्यांची पावती आहे, त्यांची परवानगी पुरते.

नाना_खवट
आणि ते पाच रुपये?

वाटीचमचा
नाना, निघताना काकूंनी उशाखालून पाचशेची नोट काढून दिली. म्हणाल्या, व्याजासकट. आज मंडळाच्या वहीत जमा केली. 'ह.' पुढे माझं नाव घातलं, माझं स्वतःचं, नवऱ्याच्या हुद्द्याचं नाही. पाटलीणबाईंच्या नावासाठी सोमवारी साताऱ्याला धर्मादाय कार्यालयात जातेय, काय सापडतं ते इथेच लिहीन.